दाखल क्रमांक नसलेले कागद

कॉलेजच्या ग्रंथालयातलं एखादं पुस्तक हरवलं की केवढा गाजावाजा होतो. साठा तपासणीत ते सापडत नाही, मग दाखल रजिस्टर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानं नोंदवायची वही, निघतं, शेवटी कुणाच्या नावावर गेलं होतं ते बघतात, त्याला पत्र जातं, स्मरणपत्र जातं. काहीच हाती लागलं नाही तर निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक हिशेबातून कमी करण्याचा, ठराव होतो आणि त्या क्रमांकापुढे लाल शाईनं शेरा पडतो. म्हणजे हरवलेल्या पुस्तकाचाही शेवट कागदावर राहतो. पण कॉलेजच्याच एखाद्या विभागानं काढलेली पत्रिका, पाहणीची पुस्तिका, चर्चासत्रातल्या निबंधांचा गठ्ठा नाहीसा झाला तर कुणाला पत्र जात नाही. तो कधी दाखलच झालेला नसतो, त्यामुळं दफ्तराच्या हिशेबानं तो हरवूही शकत नाही.

माझी नोकरी सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच एका कॉलेजातून बोलावणं आलं: विभागाच्या कपाटातले जुने अंक जरा लावून द्याल का? ‘जरा’ म्हणून सुरू झालेलं ते काम अजून चालू आहे. नोकरीत असताना ज्या कागदांकडं मी ‘आपल्या रजिस्टरचे नाहीत’ म्हणून फारसं बघितलं नव्हतं, त्यांच्यातच आता दिवस जातो.

हे कागद निघतात कसे, ते बघण्यासारखं आहे. विभागाचं एक मंडळ असतं. मराठीचं वाङ्मय मंडळ, तसंच इतिहासाचं, अर्थशास्त्राचं. वर्षाच्या सुरुवातीला उत्साह असतो, एखादे तरुण सर नुकतेच लागलेले असतात, पत्रिका काढायचं ठरतं. मुलं लिहितात, सर दुरुस्त करतात, कुणीतरी ओळखीच्या छापखान्यात जाऊन घासाघीस करतं. प्रकाशनाला पाहुणे येतात, रिबीन सोडतात, हातात अंक धरून फोटो निघतो. पाहुण्यांना एक, प्राचार्यांना एक, लिहिणाऱ्यांना एकेक. उरलेला गठ्ठा सुतळी बांधून विभागाच्या कपाटात. ग्रंथपाल म्हणतात, “सर, आम्हाला एक प्रत द्या हो.” सर म्हणतात, “देतो की.” आणि खरोखर द्यायचीच असते त्यांना. पण ग्रंथालयात प्रत आली तरी पुढची अडचण असते. दाखल रजिस्टरात बिल क्रमांक, विक्रेता, किंमत असे रकाने. अंकावर किंमत नाही, ‘खाजगी वितरणासाठी’ असं लिहिलेलं. बिल नाही म्हणून खरेदीत नाही, भेटीच्या रजिस्टरात घालायचं तर देणारा कोण, तर आपणच. मग तो अंक नियतकालिकांच्या रॅकवर वर्षभर पडतो आणि वर्षाअखेरीला जुन्या साप्ताहिकांबरोबर रद्दीत निघतो. साताऱ्याकडं वाईत तयार झालेल्या विश्वकोशाचे खंड मात्र प्रत्येक कॉलेजात काचेच्या कपाटात, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून, सुखरूप असतात. ते असायलाच हवेत. पण ते शंभर ठिकाणी आहेत, आणि विभागाची पत्रिका त्या एकाच गोदरेजच्या कपाटात आहे.

कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडं. ते निवृत्त होतात, किल्ली दुसऱ्यांकडं जाते, त्यांना आत काय आहे ते ठाऊक नसतं. कपाट उघडायचे दोनच मुहूर्त: एक रंगकाम, दुसरी नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासून गुण देणारी, कमिटी. दोन्ही वेळा घाई असते. आमच्याकडचे शिपाईमामा कपाटावर चढून विचारायचे, “मॅडम, ह्यो वरचा गठ्ठा ठिवायचा का दिऊन टाकायचा?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला जो माणूस त्या क्षणी खोलीत हजर असेल, तो त्या विभागाचा अभिलेखपाल. बहुतेक वेळा तो कुणीतरी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो आणि त्याला पुढच्या तासाला जायचं असतं.

आता एक अंक जवळून दाखवते. फुलस्केपची अर्धी घडी, मधे दोन पिना. पिना गंजल्यात आणि गंज आजूबाजूला पैशाएवढा पसरलाय, तेवढ्यातली अक्षरं तपकिरी होऊन गेलीत. अंक सायक्लोस्टाईलवर, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई पाडून प्रती काढायच्या यंत्रावर, काढलेला. मराठी टाइपरायटर सगळीकडं नसायचा, म्हणून स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीनं हातानं लिहायचे. मेणकापडासारखा तो कागद. लेखणी जिथं फिरेल तिथलं मेण खरवडलं जातं आणि तिथूनच शाई झिरपते. पण गोल अक्षर जोरात काढलं तर आतला तुकडाच सुटून पडतो. त्यामुळं या अंकात ‘ठ’ आणि ‘ळ’ची पोटं जागोजागी शाईनं भरून काळी झालीत. ‘कळवळा’ हा शब्द एका कवितेत आहे, तो लांबून नुसता ठिपक्यांची रांग दिसतो. सातव्या पानावर अक्षर बदलतं. आधीचं किरटं, उजवीकडं झुकलेलं. नंतरचं वाटोळं, शाळेतल्या बाईंच्या फळ्यावरल्यासारखं. पहिल्या लिहिणाऱ्याचा हात दुखला असेल, किंवा परीक्षा आली असेल. शेवटच्या पानावर ‘लेखन’ म्हणून दोन नावं आहेत, पण कुठलं अक्षर कुणाचं ते लिहिलेलं नाही.

आणि लेख? खरं सांगायचं तर बहुतेक वाचवत नाहीत. ‘साहित्य आणि समाज’ या मथळ्याखाली दर वर्षी कुणीतरी तेच लिहितं. पण मला आता लेखांपेक्षा बाकीची पानं महत्त्वाची वाटायला लागलीत. मंडळाच्या सभासदांची यादी घ्या: नावापुढं गाव लिहायची पद्धत होती. कुठल्या गावातून मुलं येत होती, मुलींची नावं कधी दिसायला लागली, कुठली आडनावं आधी नव्हती आणि मग आली, हे सगळं त्या यादीत आहे. जाहिराती घ्या. शिंप्याची, सायकलच्या दुकानाची, खानावळीची, तीन-चार आकडी फोन नंबर, आणि पानभर शुभेच्छा साखर कारखान्याच्या. कुठला व्यापारी कॉलेजच्या पोरांना जाहिरात द्यायला तयार होता, यावरून गावाची नाडी कळते. बाइंडिंगला देताना नेमकी हीच पानं ‘फालतू’ म्हणून काढून टाकायची रीत आहे. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, जाहिराती फाडून नुसता मजकूर शिवायचा, कडा कापायच्या. बांधीव खंड दिसतो देखणा, पण अंकाची तारीख मुखपृष्ठावरच होती, ती गेली.

तरी एखादा लेख असा निघतो की हात थांबतो, आणि तो हटकून पाहणीचा असतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले, वर निमुळते आणि आत प्रशस्त खड्डे. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. तोंड बंद केलं की आत हवा उरत नाही, म्हणून पेव उघडल्यावर लगेच माणूस उतरत नसे. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवं आणि पेवांतली हळद दोन्ही गेली. अशा गोष्टीची मापं, भरण्या-काढण्याची पद्धत, मजुरीचे दर कुठं लिहून ठेवलेले असणार? मोठ्या ग्रंथात एखादं वाक्य असतं. तपशील असला तर तो भूगोलाच्या नाहीतर अर्थशास्त्राच्या एखाद्या सरांनी मुलांना सायकलवरून नेऊन भरून घेतलेल्या तक्त्यांत असतो, आणि ते तक्ते विभागाच्या कपाटात. १९७२च्या दुष्काळातल्या कामांचं तसंच, कोयनेच्या १९६७च्या भूकंपानंतर पाटणकडच्या गावांचं तसंच. विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून येण्याइतकं ते ‘संशोधन’ नव्हतं, आणि वर्तमानपत्रात येण्याइतकी ती बातमी नव्हती.

शोधणाऱ्याला आमच्या भागात आणखी एक फेरा पडतो. कॉलेज जागचं हलत नाही, पण त्याच्यावरचं विद्यापीठ बदलत राहतं. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ साली निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाखाली. १९४९ला पुणे विद्यापीठ झालं, तिकडं गेलं. १९६२ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आलं, तिकडं आलं. एकाच विभागाचे अहवाल, पत्रव्यवहार, मंजुरीसाठी पाठवलेली प्रकाशनं तीन शहरांत विखुरलेली, आणि प्रत्येक ठिकाणी समजूत अशी की मूळ प्रत कॉलेजात असेलच. त्यात जिल्ह्याचं नाव. सांगली जिल्हा १९४९ साली जन्माला आला तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळालं. त्या दशकातल्या पुस्तिकेवर ‘जि. दक्षिण सातारा’ असं छापलेलं असतं. सूची करणाऱ्यानं छापलंय तसंच उतरवलं, तर ‘सांगली’ टाकून शोधणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. आणि साताऱ्याचं शोधणाऱ्याला ते उगीचच दिसतं, आणि तो म्हणतो, हे आमचं नव्हे. सूचीत दोन्ही नावं लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कुणी दिलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

कायद्यानं हे कागद जपले जायला हवे होते असंही कुणी म्हणेल. १८६७च्या इंग्रजांच्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर छापखान्याचं नाव आणि ठिकाण घालायची सक्ती होती. हेतू लिहिणाऱ्यांवर नजर ठेवायचा, पण फायदा आम्हा लोकांचा झाला: अंकाचं मुखपृष्ठ गेलं तरी शेवटच्या पानावरल्या मुद्रकाच्या ओळीवरून काळ लावता येतो. तो कायदा आता जाऊन २०२३चा नवा आलाय. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत एकेक प्रत पाठवायची असते. मी आजवर एकाही विभागप्रमुखाला टपालात प्रती टाकताना पाहिलं नाही. आपण ‘प्रकाशक’ आहोत हेच त्यांच्या गावी नसतं. सायक्लोस्टाईलवाल्यांना तर ते सुचायचंही नाही, तिथं छापखानाच नव्हता.

पाण्याचं सांगायला हवं, कारण सांगलीत कागदाचा विचार पाण्याशिवाय होत नाही. पावसाळा लागला की आम्ही एकमेकांना हालहवाल विचारायच्या आधी आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमधे ते ५७ फुटांच्या वर गेलं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. विश्रामबागकडचा भाग उंचावर म्हणून आमची कपाटं कोरडी राहिली, पण गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त सरांच्या तळमजल्यावर विभागाचे अंक होते. कॉलेजात टाकून देतील या भीतीनं त्यांनी ते घरी आणून ठेवले होते! पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा सर गाळ काढत होते. म्हणाले, “या बाई. बघा, सगळं जपलं होतं.”

त्या दिवशी कागदाबद्दल जे समजलं ते ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्या पेपरात विचारलं नव्हतं. विभागानं रौप्यमहोत्सवाला काढलेली स्मरणिका, चकचकीत आर्ट पेपरवरची, रंगीत फोटोंची, तिची वीट झाली होती. त्या कागदावरचा मुलामा ओला झाला की चिकटतो आणि वाळला की पानं सुटतच नाहीत. सोडवायला गेलं तर चेहरे समोरच्या पानावर जातात. फाउंटन पेननं लिहिलेली इतिवृत्तं निळ्या डागात विरघळली होती. आणि स्वस्तातले, खरबरीत, पिवळे पडलेले सायक्लोस्टाईलचे अंक गाळ धुतल्यावर वाचता येत होते. ती शाई तेलाची. पाण्यानं तिला काही केलं नाही. ओला अंक उघडायचा नाही, उभा करून निथळू द्यायचा, पानांमधे कोरा कागद घालून दर काही तासांनी बदलायचा. दोन दिवसांच्या आत हे झालं नाही तर बुरशी येते. कोरं न्यूजप्रिंट मिळालं, पंखे मिळाले, वीज अधूनमधून होती.

भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवली की बुरशी थांबते आणि वाळवायला सवड मिळते, असं अभिलेखागारांत करतात. तासगाव-सांगलीकडं बेदाण्यासाठी ढिगानं कोल्ड स्टोरेज आहेत. बेदाण्याला गोठवत नाहीत, पण त्या गारव्यातही बुरशीची वाढ मंदावली असती. एखादा कोपरा मागावा असं मनात येऊन गेलं. पण लोकांची जनावरं वाहून गेली होती, घरं पडली होती. त्या आठवड्यात कुणाच्या दारात जाऊन कागदांसाठी जागा मागणार? पूर नसताना, उन्हाळ्यात, कुणीतरी हे बोलून ठेवायला हवं. अजून तरी कुणी बोललेलं नाही.

मग स्कॅन का नाही करत, असं प्रत्येकजण विचारतो. करतोय की. पण स्कॅनवाल्यांना वाटतं तेवढं ते सरळ नाही. सगळ्यात जास्त नुकसान सायक्लोस्टाईलच्या काळाचं झालेलंच नाही, ते साधारण १९९५ ते २०१०मधल्या अंकांचं झालंय. तेव्हा डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं. पेजमेकरमधे, श्रीलिपी नाहीतर तसल्याच एखाद्या फाँटमधे अंक जुळवायचे, फ्लॉपीवर घेऊन छापखान्यात द्यायचे. “सीडी आहे की” म्हणून कागदी प्रती जपल्या गेल्या नाहीत. आता फ्लॉपी उघडत नाही, सीडीचा मुलामा सुटलाय. आणि नशिबानं एखादी पीडीएफ मिळालीच, तर डोळ्यांना मराठी दिसतं पण आतून ते मराठी नसतं. जुन्या फाँटनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली होती. ओळ उचलून दुसरीकडं चिकटवली की कंस, टिंबं आणि अगम्य खुणा उमटतात. युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, देवनागरी १९९१पासून आहे, पण आमच्या डीटीपीवाल्यांपर्यंत ते यायला फार वर्षं गेली. त्या अंकात ‘हळद’ शोधायला गेलात तर सापडणार नाही, समोर मोठ्या ठशात छापलेली असली तरी. अशा पीडीएफची पुन्हा चित्रं करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखवून घेणं, करावं लागतं. छापील मराठीचं ओसीआर आता बरं होतं. हातानं लिहिलेल्या स्टेन्सिलपुढं, पोटं भरलेल्या ‘ळ’पुढं, ते हात टेकतं. तिथं माणसानंच बसून निदान अनुक्रमणिका तरी टाइप करावी लागते.

पीएच.डी.च्या प्रबंधांचं भाग्य उजळलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमावलीनंतर प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात जायला लागल्या. कुठल्याही गावातला विद्यार्थी आता ते वाचू शकतो. पण नियमात जे बसतं तेवढंच वाचतं. एम.फिल.चे प्रबंध फार थोडे तिकडं गेले, आणि आता एम.फिल.च बंद झाली, त्यामुळं त्या काळ्या रेक्झिनच्या बांधण्या विभागात धूळ खातात. पत्रिका, पाहण्या, भित्तीपत्रकांचे हस्तलिखित कागद कुठल्याच नियमात नाहीत.

आणि एका बाजूला पूर आलाय तो वेगळाच. नॅकच्या गुणांत प्रकाशनं मोजायला लागल्यापासून दर चर्चासत्राचं जाडजूड प्रोसीडिंग निघतं, त्यावर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, प्रत्येक सरांचा एकेक लेख असतो. ही पुस्तकं नियमानं दाखल होतात, कारण त्यांचा पुरावा लागतो. उघडून वाचलेली दिसत नाहीत. त्यांच्याबद्दल मी याहून जास्त लिहीत नाही. पन्नास वर्षांनी कुणी त्यांतल्या सभासद-यादीत काही शोधेल, तर मला चूक ठरवेल. पण त्यांत सभासदांची यादीच नसते.

आम्ही काय करतोय? आधी नुसती यादी: वर्ष, अंक, पानं, मुद्रक, काय नाही. स्कॅनिंग त्यानंतर. पिना काढून सुती दोरा घालतो. तीन प्रती असल्या तर एक ग्रंथालयात दाखल क्रमांक टाकून (भेटीच्या रजिस्टरात, देणारा म्हणून विभागाचंच नाव, कुणी हरकत घेतली नाही), एक विभागात, एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव म्हणजे कृष्णेच्या पाण्याची भीती नसलेलं. विभागाचे आत्ताचे प्रमुख तरुण आहेत, भले आहेत. यादी बघून म्हणाले, “मॅडम, हे नॅकच्या कुठल्या क्रायटेरियनखाली दाखवता येईल?” मी म्हटलं, बघा कुठं बसतंय, बसलं तर बरंच.

संच पुरे होताहेत ते मात्र कपाटांमुळं नव्हे. ज्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा त्या अंकात छापून आलं, त्यांनी तो ठेवलाय. कुणी गुणपत्रिकेच्या पिशवीत, कुणी लग्नाच्या अल्बममधे. दुसऱ्या वर्षाचा तिसरा अंक तासगावहून आला, एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडून. त्यांची कविता त्यात आहे, काळ्या ‘ळ’वाली. अक्षर बदलतं ते पानही त्यांनीच सोडवलं: “वाटोळं माझं. पहिल्याचं लग्न ठरलं होतं, तो गावी गेला.”

अजून नाहीत ते असे: दुसऱ्या वर्षाचा पहिला अंक, आणि चौथं वर्ष सगळंच. फुलस्केपची अर्धी घडी, वरती हातानं काढलेले दौत आणि टाक, खालच्या कोपऱ्यात ‘खाजगी वितरणासाठी’. तुमच्या आईच्या, काकांच्या, आत्याच्या पेटीत असला तर मूळ प्रत आम्हाला नको, ती घरातच राहू दे. उजेडात ठेवून मोबाईलवर फोटो काढा. फक्त मुखपृष्ठ, मलपृष्ठ, नावांची यादी आणि शिंप्याची, खानावळीची जाहिरात सोडू नका. आत्तापर्यंत ज्यांनी ज्यांनी फोटो पाठवले त्यांनी नेमकी तीच पानं वगळलीत आणि मला परत फोन करावे लागलेत.